सत्यशोधक विवाहविधी : देव मानणाऱ्या, पण कोणत्याही धर्मसंस्थेत नसलेल्या घरासाठी

गेल्या वर्षी आम्ही आमच्या मुलीचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या पुरोहिताशिवायच्या पद्धतीने लावले. त्यासाठी पुण्यातील सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या एका गटाने विधिकर्ते पाठवले, पुस्तिका दिली आणि लग्नाआधीपासून मार्गदर्शनही केले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. देव आहे असे ज्यांना मनापासून वाटते, पण आपण अमुक एका धर्माचे, पंथाचे किंवा बुवांचे आहोत असे ज्यांना म्हणवत नाही, त्यांच्या नजरेतून ते लिहिले आहे. अशा माणसांची एरवी फारशी अडचण होत नाही, कारण प्रार्थना घरातल्या घरात करता येते. घरात लग्न ठरले की मात्र प्रश्न उभा राहतो. श्रद्धाळू घराला भटजी, फादर किंवा काझी असतात. नास्तिक घरात विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या केल्या आणि पंगत उठवली की काम संपते. आम्हाला त्या क्षणी देवाचे नाव घ्यायचे होते आणि ते आमच्या वतीने दुसऱ्या कोणी घ्यावे असे वाटत नव्हते. एवढ्या साध्या मागणीला नेमकी सेवा शोधताना बराच काळ गेला.

आमच्या घरची परिस्थिती सांगितली म्हणजे ही मागणी किती अवघड होती ते लक्षात येईल. माझी आई माळकरी असून तिने आयुष्यभर एकादशी मोडलेली नाही. मी आणि माझी पत्नी रोज पहाटे थोडा वेळ शांत बसून प्रार्थना करतो, पण आमच्या घरी देवघर नाही आणि सत्यनारायणही होत नाही. मुलगी याच वळणावर वाढली. जावई नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातले असून त्यांची येशूवर श्रद्धा आहे, पण ते कोणत्याही चर्चचे सभासद नाहीत. आमच्या विहीणबाई मात्र रविवारची उपासना कधी चुकवत नाहीत. अशा दोन घरांना एका मांडवाखाली आणायचे, कोणाच्याही श्रद्धेला धक्का लावायचा नाही आणि मुलामुलीला न पटणारा एकही विधी करायचा नाही, अशी आमची अट होती. आर्य समाजी पद्धतीचाही विचार झाला, पण त्यात वेदप्रामाण्य आणि होम आहे. प्रार्थना समाज एकेश्वरवादी आणि मूर्तिपूजा न मानणारा आहे. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाबद्दल मला मोठा आदर वाटतो. पण घरातल्या आजीपासून शेतावरच्या गड्यापर्यंत सर्वांना आपले वाटेल असे काही आम्हाला हवे होते आणि तो शोध जोतीराव फुल्यांपाशी येऊन थांबला.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला या पद्धतीचे पहिले लग्न लागले. पुरोहिताशिवाय लग्न लावणे ही तेव्हा किती मोठी गोष्ट होती, हे ओतूरच्या प्रकरणावरून कळते. जुन्नर तालुक्यातील या गावी बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोशांना न बोलावता लग्ने लावली, तेव्हा हक्काची दक्षिणा बुडाली म्हणून जोशांनी न्यायालयात दावा लावला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल पाटलांच्या बाजूने लागला. आज आपण पुरोहित बोलावतो किंवा बोलावत नाही, ही आपल्या खुशीची बाब आहे असे आपल्याला वाटते. ती खुशी कोणीतरी कोर्टाच्या पायऱ्या चढून मिळवलेली आहे.

या पद्धतीची मुळे श्रद्धेत आहेत, ही गोष्ट आज पुष्कळ लोक विसरले आहेत. फुले निरीश्वरवादी नव्हते. विश्वाच्या कर्त्याला ते ‘निर्मिक’ म्हणत आणि त्या निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना सारखेच निर्माण केले आहे, या एका श्रद्धेवर त्यांचा सगळा विचार उभा आहे. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले आणि ते त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात एका कुटुंबाचे चित्र आहे. घरातील स्त्रीने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म स्वीकारावा, तिच्या पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, कन्येने कुराण वाचून मुसलमान व्हावे, पुत्राने सत्यधर्म स्वीकारावा आणि या सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एकाच घरात प्रेमाने राहावे, असे फुले तेथे सांगतात. जावयांनी ही ओळ वाचली आणि आपल्या आईला वाचून दाखवली. लग्नाची पद्धत तेथेच ठरली.

आता सेवेविषयी. लग्नाआधी विधिकर्ते सर आमच्या घरी आले आणि दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र बसवून त्यांनी सगळा क्रम समजावून सांगितला. जात कोणती, पत्रिका जुळते का, मुहूर्त काढला का, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. उलट वधूवरांना वेगवेगळे बसवून हे लग्न कोणाच्या दबावाखाली होत नाही ना, हुंड्याची काही बोलणी झाली आहे का, हे त्यांनी स्पष्टपणे विचारले, आणि हा भाग मला फार आवडला. नंतर त्यांनी दोघांच्या हाती शपथेचा मजकूर देऊन तो स्वतःच्या अक्षरात उतरवून आणायला सांगितले. छापील कागद वाचताना जीभ अडखळते, पण हाताने लिहिलेले नीट म्हणता येते, असे त्यांचे म्हणणे होते आणि लग्नाच्या दिवशी त्याचा प्रत्यय आला. सेवेसाठी ते दक्षिणा घेत नाहीत. जाण्यायेण्याचा खर्च आम्ही दिला आणि शाळकरी मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी स्वखुशीने देणगी दिली. रक्कम किती, असे विचारणारे त्यांच्यात कोणी नव्हते.

प्रत्यक्ष विधी तासाभराचा झाला. हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीवर दोन कार्यकर्त्यांनी फुल्यांची ‘अखंड’ नावाची पद्ये म्हटली. या अखंडांची चाल अभंगाच्या जवळची असल्यामुळे माझ्या आईने शब्द नवे असूनही दुसऱ्या कडव्यापासून टाळ्यांचा ठेका धरला. त्यानंतर मंगलाष्टके झाली आणि माझ्या मते या संपूर्ण पद्धतीचे मर्म त्यांतच आहे. नेहमीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना मुकाट्याने उभे असतात. फुल्यांच्या मंगलाष्टकांत बोलतात ते वधूवरच. वधू वराला सांगते की आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव मुळीच नाही, तेव्हा ते हक्क देण्याची शपथ तू आधी घे. वर तशी शपथ सर्वांसमोर घेतो. माझी मुलगी शार्दूलविक्रीडित वृत्तातले ते कडवे म्हणत होती तेव्हा तिचा आवाज सुरुवातीला जरा बारीक होता आणि हातातला कागद थरथरत होता. तिसऱ्या ओळीला तिने कागद खाली केला आणि उरलेले कडवे जावयांकडे पाहत म्हटले. मांडवात मागे जेवणाची गडबड चालू होती, ती त्या वेळी आपोआप थांबली.

शेवटच्या कडव्यात आईवडिलांचे आणि मित्रांचे आभार मानावेत, वृद्ध व पंगू माणसांना आधार द्यावा, मुलामुलींना विद्या शिकवावी, असे सांगून फुले जमलेल्या लोकांना फुलांची वृष्टी करायला आणि टाळ्या वाजवायला सांगतात. अक्षतांच्या तांदळाची नासाडी टाळण्यासाठी अलीकडे पुष्कळ ठिकाणी फुलांच्या पाकळ्या वापरतात आणि ती आधुनिक कल्पना आहे असे समजतात. मुळातच ती या मंगलाष्टकांत आहे. आमच्याकडे झेंडूच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या परड्यांतून वाटल्या होत्या.

विधी सुरू होण्याआधी घडलेला एक प्रसंग सविस्तर सांगायला हवा, कारण या सेवेची खरी परीक्षा तेव्हाच झाली. व्यासपीठावर मूर्ती नव्हती, कलश नव्हता, क्रूसही नव्हता. माझी आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने विधिकर्ते सरांना जवळ बोलावून विचारले, “दादा, हात कुणाला जोडायचे?” प्रश्न अगदी साधा होता, पण आम्ही इतक्या बैठका घेऊनही त्याचा विचार केला नव्हता. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आजी, रोज ज्याला जोडता त्यालाच जोडा. तो इथे आहे.” त्यानंतर त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि पुढचा थोडा वेळ प्रत्येकाने आपापल्या परीने त्या एका निर्मिकाची प्रार्थना करावी, असे सर्वांना सांगितले. पुस्तिकेत हा भाग नव्हता. आईने माळेला हात लावून डोळे मिटले. पलीकडच्या रांगेत विहीणबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. माझ्या पत्नीने आणि मी नेहमीसारखीच प्रार्थना केली. देव मानणारी पण वेगवेगळ्या वाटांनी जाणारी माणसे एकाच वेळी, एकाच ठिकाणी, कोणाचीही ओळख न पुसता प्रार्थना करू शकतात, हे मी आयुष्यभर मानत आलो होतो. ते डोळ्यांसमोर घडताना मला त्या दिवशी पाहायला मिळाले.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव या प्रसंगातूनच पुढे येते. ही प्रार्थना आईने विचारले म्हणून झाली. ती विधीचा भाग नव्हती. आमच्या हाती आलेल्या पुस्तिकेत समाजसुधारकांची चरित्रे होती, अंधश्रद्धेवरचे उतारे होते, हुंडाविरोधी शपथ होती, पण निर्मिकाचा उल्लेख एखाददुसऱ्या ओळीपुरताच होता. एका तरुण कार्यकर्त्याशी बोलताना कळले की अनेक घरांत तो शब्दही गाळण्याची विनंती होते, कारण पुष्कळ कार्यकर्ते आणि यजमान स्वतः देव मानत नाहीत. त्यांच्या विचाराचा मला आदर आहे आणि त्यांना तसे लग्न लावता आलेच पाहिजे. पण फुल्यांनी हा विधी देवाला घराबाहेर काढण्यासाठी रचला नव्हता. भक्त आणि देव यांच्यामध्ये हात पसरून उभ्या असलेल्या मध्यस्थाला बाजूला करण्यासाठी रचला होता. मध्यस्थाबरोबर देवही गेला, तर आमच्यासारख्या माणसांना या पद्धतीत आणि नोंदणी कार्यालयात फारसा फरक उरणार नाही.

दुसरी उणीव भाषणाची. मंगलाष्टकांपूर्वी एका पाहुण्या वक्त्यांनी पुरोहितशाहीवर दीर्घ भाषण केले. त्यांचे मुद्दे ऐतिहासिकदृष्ट्या खरे होते, पण मांडवात आमच्या गावचे गुरवही बसले होते, शेजारचे जोशीकाका सहकुटुंब आले होते आणि ती माणसे आमच्या आनंदात आनंद मानायला आली होती. लग्नाचा दिवस कोणाला जाब विचारण्याचा नसतो. फुल्यांचा इतिहास सांगायचाच असेल तर तो सावित्रीबाईंच्या शाळेपासून सांगता येतो, ओतूरच्या दाव्यापासूनही सांगता येतो, आणि तो ऐकून कोणाची मान खाली जात नाही.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण मला ती महत्त्वाची वाटते. फुले दांपत्याच्या तसबिरींना हार घातले, हे योग्यच होते. त्यानंतर समई लावून तसबिरींना ओवाळले गेले आणि वधूवरांना त्यांच्यापुढे वाकून नमस्कार करायला सांगण्यात आले. ज्यांनी नैवेद्य, जप, अनुष्ठान यांवर आपल्या पुस्तकात एकेक प्रश्न घेऊन निर्भीडपणे लिहिले, त्यांच्याच तसबिरीपुढे नवा विधी उभा राहू नये. गुणांचे स्मरण म्हणून हार पुरे आहे. माणूस कितीही थोर असला तरी त्याची जागा निर्मिकाच्या जागी नसावी, एवढे भान या पद्धतीत तरी राखले जावे.

कायद्याची बाजू सविस्तर सांगतो, कारण याबाबत गटाकडून मिळालेली माहिती अपुरी होती. त्यांनी दिलेले विवाह प्रमाणपत्र देखणे आहे आणि आम्ही ते चौकटीत बसवून ठेवले आहे, पण कायदेशीर पुरावा म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमात ब्राह्मो, प्रार्थना आणि आर्य समाजाच्या अनुयायांचा नावानिशी उल्लेख आहे, सत्यशोधकांचा नाही. सातव्या कलमानुसार विवाह रूढ विधींनी लागावा लागतो. तमिळनाडूने १९६७ साली ७-अ हे कलम घालून पुरोहिताशिवाय होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना स्वतंत्र मान्यता दिली. महाराष्ट्रात सत्यशोधक विवाहासाठी तसे कलम नाही. विधी झालेलेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे दोघेही हिंदू कुटुंबांतले असले तरी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणे मला सर्वांत निर्धोक वाटते. आमच्यासारख्या आंतरधर्मीय विवाहात तर तोच मार्ग आहे.

या कायद्याचा इतिहास आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. १८७२ साली पहिला विशेष विवाह कायदा झाला तेव्हा त्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन किंवा ज्यू धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. म्हणजे देव मानणाऱ्या, पण रूढ विधी न पटणाऱ्या माणसाला लग्नासाठी आधी धर्म नाकारावा लागत असे. १९२३ साली ही अट काही धर्मीयांपुरती शिथिल झाली आणि १९५४ च्या कायद्याने ती सर्वांसाठीच काढून टाकली. आता दोघांपैकी एकाने ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य केले आहे तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि ३० दिवसांत वैध हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागते, म्हणून हॉलची तारीख आणि नोटिशीची तारीख यांचा मेळ आधीच घालावा. वधूवर वेगवेगळ्या धर्मांतले असतील तर वारसाहक्काच्या तरतुदी बदलतात. त्याबद्दल वकिलाशी एकदा जरूर बोलावे.

अर्ज भरताना धर्माच्या रकान्यावरून आमची अडचण झाली. रकाना रिकामा ठेवता येणार नाही, असे कार्यालयातील कारकुनाने सांगितले. तेव्हा मुलीने मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाची प्रत पुढे ठेवली. त्या प्रकरणातील अर्जदारांची येशूवर श्रद्धा होती, पण आपण ख्रिस्ती किंवा अन्य कोणत्याही धर्माचे नाही अशी नोंद राजपत्रात व्हावी एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि शासकीय मुद्रणालयाने ते नाकारले होते. सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा हक्क येतो आणि शासन कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. प्रत वाचून साहेबांनी ‘कोणताही धर्म नाही’ असे लिहू दिले. ज्यांना ही अडचण येण्याची शक्यता आहे त्यांनी निकालाची प्रत सोबत न्यावी, वाद घालण्याची वेळ येत नाही.

खर्चाच्या बाजूने एक मोठा लाभ सांगायला हवा. मुहूर्त पाहायचा नसल्यामुळे आम्ही लग्नसराईच्या बाहेरचा रविवार निवडला. त्यामुळे हॉल, आचारी आणि मंडपवाले तिन्ही सहज मिळाले आणि दरही बरेच कमी पडले. नातेवाइकांपैकी दोघांनी चातुर्मासात लग्न कसे, असे विचारले. आईनेच त्यांना उत्तर दिले की देवाने एखादा दिवस वाईट केलेला आम्हाला माहीत नाही.

एकूण पाहता, ज्यांची देवावर श्रद्धा आहे पण ज्यांना कोणत्याही धर्मसंस्थेचा शिक्का नको आहे, अशा कुटुंबांनी ही सेवा जरूर घ्यावी. मात्र पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी बोलून घ्याव्यात : निर्मिकाची प्रार्थना विधीत असेल का आणि ती कधी होईल, भाषण असेल तर ते कोणाचे व किती वेळ, आणि तसबिरींना हार घालण्यापलीकडे काही करायचे आहे का. आमच्या विधिकर्ते सरांनी या तिन्ही सूचना मनावर घेतल्या. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत मूक प्रार्थनेचा भाग मंगलाष्टकांच्या आधी छापावा असे पत्र मी गटाला पाठवले आहे. ज्या यजमानांना तो नको असेल त्यांच्यासाठी तो ऐच्छिक ठेवावा, पण छापलेला असावा, म्हणजे पहिल्या रांगेत बसलेल्या एखाद्या आजीला तो मागून घ्यावा लागणार नाही.